सरकारची सही

सरकारी कचेरीशीं ज्यांचा देण्याघेण्याचा संबंध आला असेल, त्यांच्या पाहण्यांत एक गोष्ट खचित आली असेल. करारनाम्याच्या अखेरीस अधिकाऱ्याची सही असते, सहीखालीं त्याचा हुद्दा असतो, आणि हुद्द्याच्या पाठोपाठ 'भारताच्या राष्ट्रपतींकरितां व त्यांच्या वतीनें' अशा अर्थाचे शब्द असतात. राज्य सरकारचा करार असल्यास राष्ट्रपतींच्या जागीं राज्यपाल येतात. करार पाहावा तर टेबलखुर्च्यांचा, खडीचा, नाहीं तर कचेरीच्या गळक्या छपराच्या डागडुजीचा! ज्यांच्या नांवानें तो होतो, त्या राष्ट्रपतींना त्या छपराची वार्ताही नसते. साहजिकच, हे शब्द म्हणजे जुन्या दरबारी थाटाचा एक अवशेष आहे, अशी पुष्कळांची समजूत होते. ही समजूत खरी नाहीं. या चार शब्दांच्या अभावीं प्रामाणिक माणसें बुडालीं आहेत, आणि याच चार शब्दांच्या आधारानें लोकांची तिजोरी राखलीही गेली आहे. सरकारच्या वतीनें सही करण्याचा अधिकार कोणाला असतो, तो त्याला कोण देतो, आणि अधिकार नसतां सही झाली तर नुकसान कोणीं सोसावयाचें, या तीन प्रश्नांचा आपल्या देशांतील इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडण्याचा विचार आहे.

प्रश्नाचें मूळ असें आहे कीं, सरकारला हात नाहींत. एखादे गृहस्थ आपलें घर बांधण्याचा करार करतात तेव्हां त्यांची सही त्यांना बांधते. तेथें शंकेला जागा नाहीं. परंतु सरकार ही हाडामांसाची व्यक्ति नव्हे. त्याला बोलावयाचें तें दुसऱ्याच्या तोंडानें, आणि सही करावयाची ती दुसऱ्याच्या हातानें. अशीं तोंडें आणि असे हात लाखों आहेत. त्यांतील प्रत्येकाच्या शब्दानें सरकार बांधलें जाऊं लागलें, तर एखाद्या आडगांवच्या कारकुनानें आपल्या मर्जीतल्या सावकाराला सबंध तालुक्याचें लांकूड लिहून द्यावें आणि तें लोकांनीं निमूटपणें सोसावें, असा प्रसंग ओढवेल. उलटपक्षीं, कोणाच्याच शब्दानें सरकार बांधलें जाणार नसेल, तर त्याच्याशीं व्यवहार करावयास कोणी शहाणा मनुष्य पुढें येणार नाहीं. या दोन संकटांमधून वाट काढण्यासाठीं प्रत्येक राज्याला एक खूण ठरवावी लागते. ती खूण असेल तर शब्द राज्याचा, नसेल तर तो केवळ त्या माणसाचा.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नव्हती. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वर्षीं, म्हणजे १६७४ सालीं, अष्टप्रधानांचीं कामें वांटून देणारा जो कानुजाबता झाला, त्यांत राजपत्रावर शिक्का कोणीं करावा, मजकुरांतील अधिकउणें अक्षर कोणीं शोधावें, हें हुद्द्यागणिक सांगितलेलें आहे. पत्राला शिक्का असे, आणि मजकूर संपला कीं मोर्तब उमटे. लेखनाची मर्यादा येथें झाली, अशा अर्थाची ही लहान मुद्रा. ती उमटल्यावर खालीं कोणाला एक ओळही वाढवितां येऊं नये, हा तिचा उपयोग. 'शिक्कामोर्तब होणें' हा वाक्प्रचार आपण आतां सोयरीक जुळल्याच्या बातमीलाही लावतों. पण मुळांत तो राज्याच्या शब्दाची खूण सांगणारा आहे.

आतां ज्या कायद्याखालीं आपण आज वागतों, त्याच्या वंशावळीकडे वळूं. इंग्लंडच्या राणीनें ३१ डिसेंबर १६०० रोजीं ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. त्या सनदेनें लंडनच्या व्यापाऱ्यांचा तो जमाव कायद्याच्या दृष्टीनें एक व्यक्ति बनला. स्वतःच्या नांवानें दावा लावण्याचा, दुसऱ्यानें लावलेल्या दाव्यास जाब देण्याचा, आणि सर्वांचा मिळून एक शिक्का बाळगण्याचा हक्क त्याला मिळाला. इंग्लंडच्या जुन्या कायद्याप्रमाणें अशा मंडळीचा संकल्प ओळखावयाचा तो मुख्यतः तिच्या शिक्क्यावरून. पुढें ही व्यापारी मंडळी राज्य करूं लागली. एकच संस्था एका हातानें माल खरीदीत होती आणि दुसऱ्या हातानें सारा वसूल करीत होती. व्यापारी म्हणून तिच्यावर दावा चालत असे. आणि कंपनी गेल्यावरही, तिच्यावर जे दावे चालले असते ते तिच्या जागीं आलेल्या सरकारवर चालावे, अशी तरतूद करण्यांत आली. राज्यकर्त्याला करारापायीं कोर्टांत खेंचतां येतें, ही वहिवाट आपल्याकडे रुजण्यास कंपनीचा हा दुकानदारी जन्म पुष्कळ अंशीं कारण झाला.

१८५७ चें बंड मोडल्यावर, २ ऑगस्ट १८५८ रोजीं संमत झालेल्या कायद्यानें कंपनीचें राज्य संपलें आणि कारभार इंग्लंडच्या राजसत्तेकडे गेला. मालमत्ता विकणें, करार करणें, दावे चालविणें, या सर्वांसाठीं आतां कंपनीच्या जागीं 'मंडळासह भारतमंत्री' हें नांव आलें. परंतु भारतमंत्री बसणार लंडनमध्यें, आणि खडी लागणार खंडाळ्याच्या घाटांत! तेव्हां सुवेझचा कालवाही खुला झालेला नव्हता. त्यामुळें दुसऱ्याच वर्षीं, १८५९ मध्यें, पार्लमेंटला आणखी एक कायदा करावा लागला. गव्हर्नर-जनरल, गव्हर्नर वगैरे हिंदुस्थानांतील अधिकाऱ्यांनीं करार करावे, मात्र ते भारतमंत्र्यांच्या नांवानें झाले आहेत असें त्यांत लिहावें, असें त्यानें ठरविलें. एकाच्या नांवानें करार आणि दुसऱ्याच्या हातची सही, ही आपल्या आजच्या पद्धतीची जोडी येथें जन्मास आली.

नियम तर झाला. तो पाळला गेला काय? याचें उत्तर १८७० सालच्या एका छोट्याशा कायद्यांत मिळतें. हिंदुस्थानांत रीतीबाहेर सह्या झालेले कांहीं करार कायदेशीर ठरविण्यासाठीं पार्लमेंटनें तो कायदा केला. नियमाला पुरतें एक तप लोटलें नव्हतें, तोंच त्याच्या उल्लंघनावर पांघरूण घालण्याची पाळी आली होती. मला या विषयाच्या सगळ्या इतिहासाचें सार या घटनेंत दिसतें. सरकारचीं कामें घाईचीं असतात, अधिकारी कामाला लागतो, कागद मागें राहतो. आणि पुढें कधीं तरी वाद निघाला म्हणजे सर्वजण त्या मागें राहिलेल्या कागदाकडे धांवतात.

१९१५ च्या कायद्याच्या ३० व्या कलमानें रीत अधिक स्पष्ट केली. गव्हर्नर-जनरल आपल्या मंडळासह ठराव करून ज्या माणसाला व ज्या रीतीनें सांगतील, त्या माणसानें त्या रीतीनें करारावर सही करावी. तशी ती झाली तर करार भारतमंत्र्यांना बांधील. नंतर १९३५ चा कायदा आला. त्याच्या १७५ व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमांत भारतमंत्र्यांचें नांव जाऊन गव्हर्नर-जनरल व प्रांतांचे गव्हर्नर यांचीं नांवें आलीं. आणि २६ जानेवारी १९५० रोजीं आपली राज्यघटना अंमलांत आली, तेव्हां हेंच पोटकलम जवळजवळ शब्दशः २९९ व्या अनुच्छेदांत उतरलें. गव्हर्नर-जनरलच्या जागीं राष्ट्रपति आणि गव्हर्नरच्या जागीं राज्यपाल, एवढाच काय तो ठळक फरक. राज्य बदललें, ध्वज बदलला. सहीची रीत मात्र कंपनीच्या वारसांकडून आपण जशीच्या तशी घेतली.

या अनुच्छेदाचा अर्थ न्यायालयांनीं तीन अटींच्या रूपानें सांगितला आहे. पहिली अट, करार राष्ट्रपतींनीं किंवा राज्यपालांनीं केला आहे असें करारांतच म्हटलेलें असलें पाहिजे. दुसरी, सही त्यांच्या वतीनें झालेली असली पाहिजे. तिसरी, सही करणारा मनुष्य त्यांनीं अधिकृत केलेला असला पाहिजे, आणि सहीची रीतही त्यांनीं सांगितलेली असली पाहिजे. याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या भागांत असेंही सांगितलें आहे कीं, अशा करारासाठीं राष्ट्रपति, राज्यपाल किंवा त्यांच्या वतीनें सही करणारा अधिकारी हे जातीनें जबाबदार धरले जाणार नाहींत.

अधिकृत करणें म्हणजे प्रत्यक्षांत काय करणें? राष्ट्रपति कांहीं प्रत्येक अधिकाऱ्याला बोलावून त्याच्या हातांत लेखणी देत नाहींत. त्यांच्या नांवानें एक अधिसूचना निघते. केंद्र सरकारची अशी एक मोठी अधिसूचना १ फेब्रुवारी १९६६ ची आहे, आणि तिच्यांत वेळोवेळीं दुरुस्त्या झाल्या आहेत. कोणत्या खात्यांत, कोणत्या प्रकारच्या दस्तऐवजावर, कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यानें सही करावी, याची ती यादी आहे. अधिकार मिळतो तो हुद्द्याला, माणसाला नव्हे. अभियंत्याची बदली झाली कीं त्याची लेखणी त्या कामापुरती रिकामी होते, आणि त्याच्या खुर्चीवर येणाऱ्याच्या लेखणींत तो अधिकार उतरतो. एखाद्या विशिष्ट करारापुरता यादीबाहेरच्या अधिकाऱ्यालाही खास अधिकार देतां येतो, असें न्यायालयांनीं मान्य केलें आहे. आणि केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, सहीखालच्या हुद्द्यापुढें 'राष्ट्रपतींकरितां व त्यांच्या वतीनें' हे शब्द असावे, असें स्पष्ट सांगितलें आहे. आरंभीं उल्लेखिलेल्या शब्दांचें घर तें हेंच.

येथें एक गल्लत होण्याचा संभव असतो, ती टाळली पाहिजे. खर्चाला मंजुरी देण्याचा अधिकार वेगळा आणि करारावर सही करण्याचा अधिकार वेगळा. पुष्कळदां मंजुरी देणारा अधिकारी वरिष्ठ असतो आणि सही करणारा कनिष्ठ. "मोठ्या साहेबांनीं होकार दिला आहे" एवढ्यावर विसंबून जो कामाला लागतो, त्यानें मंजुरी मिळविलेली असते. करार मिळविलेला नसतो. पुढें ज्यांची हकीकत सांगणार आहें, त्यांच्यापुढेंही असेच कोणी ना कोणी अधिकारी उभे होते.

पहिला प्रसंग आपल्या भंडाऱ्याचा आहे. भंडारा त्या वेळीं मध्यप्रदेश राज्यांत होतें. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत तेथून चतुर्भुज विठ्ठलदास जसानी हे लोकसभेवर निवडून आले. ज्या व्यापारी पेढींत ते भागीदार होते, ती पेढी सैनिकांच्या उपहारगृहांसाठीं सरकारला विड्या पुरवीत असे. सरकारला माल पुरविण्याच्या करारांत ज्याचा हितसंबंध आहे, त्याला निवडणुकीस उभें राहतां येत नसे. तेव्हां त्यांच्या निवडीवर हरकत आली. त्यावर जसानींच्या बाजूनें एक मोठा चतुर बचाव मांडण्यांत आला: हा करार राष्ट्रपतींच्या नांवानें झालेलाच नाहीं, म्हणून कायद्याच्या दृष्टीनें करारच नाहीं, आणि करार नाहीं तर हितसंबंध कसला? सर्वोच्च न्यायालयानें १५ फेब्रुवारी १९५४ रोजीं हा बचाव अमान्य केला. निकाल लिहिला होता न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस यांनीं. हे पूर्वीं नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, सरकारचे अधिकारी रोज पत्रव्यवहारानें, कधीं तोंडीही, असंख्य किरकोळ करार करीत असतात. ते सगळे रीतसर दस्तऐवज नाहींत म्हणून मुळींच अस्तित्वांत नाहींत, असें म्हणणें व्यवहाराला सोडून होईल. सरकार त्या करारानें बांधलें जाणार नाहीं, ही गोष्ट वेगळी. आणि करार सर्वस्वीं शून्य आहे, ही गोष्ट वेगळी. जसानी अपात्र ठरले.

या निकालानें व्यापाऱ्यांना थोडा धीर आला असेल. परंतु तो फार दिवस टिकावयाचा नव्हता. १९६१ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें दोन प्रकरणांचे निकाल लागले. दोन्ही प्रकरणांचा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत झालेला, दोन्ही देशाच्या पूर्व भागांतलीं, आणि दोन्हींच्या पाठीमागें धान्यटंचाईची छाया. निकाल मात्र परस्परांहून अगदीं निराळे लागले, म्हणून तीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत.

पहिलें प्रकरण शेठ बिखराज जयपुरिया यांचें. १९४३ च्या उन्हाळ्यानंतर ईस्ट इंडियन रेल्वेच्या विभागीय अधीक्षकानें रेल्वे कामगारांसाठीं धान्य पुरविण्याच्या ऑर्डरी त्यांना दिल्या. ऑर्डरींवर अधीक्षकाची सही होती. कांहीं माल पोंचला. नंतर रेल्वेनें उरलेला माल घेण्याचें नाकारलें. जयपुरियांनीं तो दुसरीकडे विकला आणि झालेल्या तोट्याबद्दल दावा लावला. न्यायालयानें पुरावा पाहून असें मानलें कीं, या अधीक्षकाला असे करार करण्याचा अधिकार दिलेला होता. मग अडलें कोठें? अडलें सहीखालच्या शब्दांवर. करार गव्हर्नर-जनरलनें केला असें त्या ऑर्डरींत म्हटलेलें नव्हतें, आणि सहीही त्याच्या वतीनें म्हणून केलेली नव्हती. न्यायमूर्ति शहा यांनीं निकालांत सांगितलें कीं, १७५ व्या कलमांतील ही रीत सक्तीची आहे. ती लोकहितासाठीं घातलेली आहे. अधिकार नसलेल्या माणसांच्या करारांचें ओझें सरकारवर, म्हणजे पर्यायानें करदात्यांवर, पडूं नये हा तिचा हेतु आहे. दावा गेला.

दुसरें प्रकरण बंगालमधील हुगळी जिल्ह्यांतल्या आरामबाग गांवचें. १९४४ सालीं तेथें बी. के. मंडल आणि पुत्र या ठेकेदारांनीं नागरी पुरवठा खात्यासाठीं गुदामें बांधलीं, व त्यांचे पैसे त्यांना मिळाले. मग खात्याच्या अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून त्यांनीं आणखी कामें केलीं: एक कच्चा रस्ता, कचेरी, पहाऱ्याची खोली, स्वयंपाकघर, कारकुनांसाठीं खोली. या कामांचे पैसे देण्याची वेळ आली तेव्हां सरकारनें तेंच उत्तर दिलें: गव्हर्नरच्या नांवानें करार कोठें आहे? करार रीतसर नव्हता ही गोष्ट न्यायालयालाही मान्य करावी लागली. परंतु बांधलेली कचेरी तर जागेवर उभी होती, आणि सरकारचे कारकून तिच्यांत बसत होते!

या प्रकरणाचा मुख्य निकाल लिहिला न्यायमूर्ति प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनीं. साताऱ्यास जन्मलेले हे आपले मराठी न्यायमूर्ति पुढें १९६४ मध्यें भारताचे सरन्यायाधीश झाले. त्यांनीं वाट काढली ती १८७२ च्या करार कायद्याच्या ७० व्या कलमांतून. तें कलम असें सांगतें कीं, एक मनुष्य दुसऱ्यासाठीं कायदेशीरपणें कांहीं करतो किंवा त्याला कांहीं देतो. तें फुकट करण्याचा त्याचा हेतु नसतो. आणि दुसरा त्याचा लाभ घेतो. अशा वेळीं लाभ घेणाऱ्यानें मोबदला द्यावा, नाहीं तर वस्तु परत करावी. सरकारच्या वकिलांचा आक्षेप असा होता कीं, ही वाट मोकळी केली तर घटनेनें घातलेली सहीची अट निरर्थक होईल. त्यावर गजेंद्रगडकरांचें उत्तर असें कीं, येथें कराराची बजावणी कोणी मागतच नाहीं. देऊं केलेली वस्तु नाकारण्याची मोकळीक समोरच्याला होती. ती न नाकारतां त्यानें स्वीकारली, वापरली, यांतून मोबदल्याचें देणें उत्पन्न होतें. तें देणें सामान्य माणसाला जसें लागू, तसें सरकारलाही लागू. मंडल यांना त्यांच्या कामाचे पैसे मिळाले.

आतां हे दोन निकाल एकत्र ठेवा. आरामबागचा ठेकेदार तरला, कारण त्याचें काम सरकारनें वापरलें. धान्याचा व्यापारी बुडाला, कारण त्याचा उरलेला माल सरकारनें घेतलाच नाहीं. लाभ नाहीं, म्हणून मोबदलाही नाहीं. वचनावर विसंबून दोघेही चालले होते. परंतु कायद्यानें वचनाकडे पाहिलें नाहीं. पाहिलें तें सरकारच्या पदरांत प्रत्यक्ष काय पडलें याकडे. रीतसर सही नसेल तर सरकार आपल्याला दिलेल्या वस्तूची किंमत देईल, पण आपण दिलेल्या शब्दाची किंमत देणार नाहीं, असा याचा स्पष्ट अर्थ आहे.

पुढील निकालांनीं ही पकड आणखी आंवळली. १९६८ मध्यें मुलामचंद यांच्या, जंगलांतील लाख गोळा करण्याच्या ठेक्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, रीत मोडून झालेला करार मागाहून संमति देऊनही जिवंत करतां येत नाहीं. आणि १९७१ मध्यें उत्तर प्रदेशांतून एक मासलेवाईक प्रकरण आलें. एका अधिकाऱ्यानें बटाटे ठेवण्यासाठीं एका शीतगृहांत जागा राखून घेतली होती. बटाटे आले नाहींत. जागा रिकामी राहिली. शीतगृहाच्या मालकांनीं सरकारला धरूं पाहिलें, तर करार रीतसर नाहीं. अधिकाऱ्याला धरूं पाहिलें, तर न्यायालयानें म्हटलें, जो करार मुळांत झालाच नाहीं त्याच्यासाठीं अधिकाऱ्यालाही जबाबदार धरतां येत नाहीं. सरकार सुटलें, अधिकारी सुटला. रिकामी जागा मात्र मालकांच्या माथीं बसली.

हा पेंच केवळ आपल्याच देशांत आहे असें नाहीं. अमेरिकेंत १९४७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयापुढें आयडाहो राज्यांतील मेरिल नांवाच्या शेतकऱ्यांचें प्रकरण आलें. ४६० एकर गव्हाचा विमा त्यांनीं सरकारी महामंडळाकडे उतरविला होता. त्यांतील ४०० एकर पेरा पूर्वीचें पीक गेलेल्या जमिनींत पुन्हां केलेला होता. ही गोष्ट त्यांनीं स्थानिक समितीला सांगितली, आणि समितीनें विमा लागू आहे असें सांगितलें. अवर्षणानें पीक गेलें, तेव्हां महामंडळ म्हणालें कीं, दुबार पेऱ्याला विमा नाहीं असें राजपत्रांत छापलेलें आहे. पांच विरुद्ध चार अशा मतांनीं शेतकरी हरले. सरकारशीं व्यवहार करणाऱ्यानें समोरच्याच्या अधिकाराची सीमा स्वतः तपासून घ्यावी, असा त्या निकालाचा आशय. विरोधी मत देणारे न्यायमूर्ति जॅक्सन यांना तो निकाल पटला नाहीं. पीक पेरणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला राजपत्रांतला मजकूर ठाऊक असतो असें धरणें त्यांना हास्यास्पद वाटलें.

तथापि त्याच देशानें या अडचणीवर एक उपाय काढला, तो विचार करण्यासारखा आहे. १९८४ पासून तेथें सरकारी खरेदीचे जे एकत्रित नियम लागू झाले, त्यांत करारावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी नेमणूकपत्र द्यावयाचें ठरलें. त्या पत्राला तेथें 'वॉरंट' म्हणतात. अधिकाराला मर्यादा असतील तर त्या त्या पत्रांतच नमूद करावयाच्या. आणि त्या मर्यादांची माहिती लोकांना सहज मिळेल अशी ठेवावयाची. नागरिकानें अधिकार तपासावा अशी अपेक्षा करावयाची असेल, तर त्याला तो तपासतां येईल अशी व्यवस्था करणें हें सरकारचें कर्तव्य ठरतें, हें त्यामागील तत्त्व. समोरच्या माणसाच्या हातीं कंदील न देतां त्याला "अंधारांत कां चाललास?" असें विचारणें न्यायाचें होत नाहीं.

श्रोतेहो, ही सगळी कहाणी ऐकून कोणी म्हणेल कीं, सहीची ही अट काढूनच टाकावी. मला तसें वाटत नाहीं. तिजोरी कोणा एका अधिकाऱ्याची नाहीं. ती शेतसारा भरणाऱ्याची आहे, दुकानावर कर देणाऱ्याची आहे. तिच्या दाराला कुलूप असावें आणि किल्ल्या मोजक्या हातीं असाव्या, यांत गैर कांहींच नाहीं. परंतु किल्ली कोणाच्या हातीं आहे, हें दाराशीं आलेल्या माणसाला दिसलें पाहिजे. आजची परिस्थिति अशी आहे कीं, रीत सांभाळण्याचें साधन सगळें सरकारच्या घरांत असतें: अधिसूचना त्याची, नमुने त्याचे, विधिखातें त्याचें. आणि रीत मोडल्याचें नुकसान मात्र पुष्कळदां दाराबाहेरच्या माणसाला सोसावें लागतें. त्यांतही मोठ्या कंपन्यांपाशीं वकील असतात. फसतो तो लहान ठेकेदार, गांवचा सुतार, पुरांत किंवा दुष्काळांत "आधीं काम करा, कागद मागाहून करूं" या शब्दावर कामाला लागणारा माणूस. ज्या संकटकाळांत सरकारला त्याची सर्वांत जास्त गरज असते, त्याच काळांत कागद मागें राहतो, हें १९४३ आणि १९४४ च्या त्या दोन प्रकरणांनीं आपल्याला दाखविलें आहे.

म्हणून दोन गोष्टी सुचवून मी हें भाषण संपवितों. ज्यांना सरकारशीं व्यवहार करावयाचा आहे, त्यांनीं काम सुरू करण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे: करार कोणाच्या नांवानें आहे, सही कोणाच्या वतीनें आहे, आणि ही सही करण्याचा अधिकार या हुद्द्याला कोणत्या आदेशानें मिळाला आहे. असें विचारण्यांत अधिकाऱ्याचा अपमान नाहीं. जाणता अधिकारी उलट संतोषच मानील. आणि सरकारनें आपल्या प्रत्येक कचेरींत, जेथें निविदांचे कागद लावतात त्या फळ्यावरच, या कचेरींत करारावर सही करण्याचा अधिकार कोणत्या हुद्द्याला आहे व तो कोठपर्यंत आहे, हें साध्या मराठींत लिहून लावावें. त्याला एक कागद आणि चार खिळे पुरतील. कोर्टाचीं वर्षेंच्या वर्षें वांचतील, आणि सरकारच्या शब्दावर विसंबून कामाला लागणाऱ्या माणसाला आपण कोणाच्या शब्दावर विसंबलों आहों, हें आधींच कळेल.